नववा मजला आणि बाकीचे सगळे

ता. २ मे

ती. स्व. मावशीस,
बारक्याचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. आईला सांगितलं असतं तर तिने तुला फोनवर कळवलं असतं, पण वाटेत दोन-चार गोष्टी पदरच्या घातल्या असत्या. मी शाळा अर्धवट सोडली तेव्हा तू तिला म्हणाली होतीस की निदान मला पत्र लिहीत राहू दे, हात तरी राहील. हात राहिला आहे. हे पत्र कच्चं लिहून मग पक्कं उतरवलं आहे, तरी कुठे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर लाल शाई लावून परत पाठव.

बातमी चांगली आहे. उस्तादांनी पहिल्यांदाच एक अख्खं काम माझ्यावर सोपवलं. नऊ मजल्यांची जुनी इमारत, लिफ्ट एकच. मोटर, दोर आणि मजल्या-मजल्यावरचे दरवाजे, सगळं नवं बसवायचं. हात सगळ्यांचे लागतील, पण कोणत्या दिवशी काय करायचं ते मी ठरवायचं आणि रहिवाशांच्या समितीपुढे मीच मांडायचं. आनंद झाला, तो दुसऱ्या दिवसापर्यंत टिकला.

काम दोन रीतींनी होऊ शकतं. लिफ्ट सलग बंद ठेवली तर तीन आठवड्यांत उरकतं. नाहीतर एक दिवस काम आणि एक दिवस लिफ्ट चालू, असं करायचं. मग सहा-सात आठवडे लागतात, कारण सकाळी उघडायचं आणि संध्याकाळी सगळं परत जागेवर लावायचं, यातच निम्मा दिवस जातो. धोका दोन्हींत नाही. समितीला अर्थातच तीन आठवडे हवे आहेत.

पण नवव्या मजल्यावर एक बाई राहतात. पोहायला शिकवायच्या, आता निवृत्त आहेत, एकट्याच असतात. मी त्यांच्या दाराशी माप घेत होतो तर त्यांनी स्टूल आणून दिलं, चहा दिला आणि काम कधी सुरू होणार ते विचारलं. मग म्हणाल्या की मंगळवार, गुरुवार आणि शनिवार त्यांना डायलिसिसला जावं लागतं. जाताना एक वेळ उतरता येईल, पण परत आल्यावर एक जिनासुद्धा चढवत नाही. त्या अगदी साध्या आवाजात सांगत होत्या, रडगाणं नव्हतं. आणि मावशी, माझ्या तोंडून निघून गेलं की तुमचा एकही दिवस चुकणार नाही, मी शब्द देतो.

शब्द देऊन खाली आलो तो अध्यक्ष भेटले. ते सातव्या मजल्यावर राहतात. मी नुसतं चाचपून पाहिलं, तर म्हणाले की एका घरासाठी पस्तीस घरांनी दीड महिना जिने चढायचे, हे कुठल्या हिशेबात बसतं? सतरा तारखेला बैठक आहे. तू कॉलेजात चांगलं-वाईट शिकवतेस. माझा शब्द मोठा की त्यांची संख्या मोठी, ते सांग. फार जड शब्द घालू नकोस.

पाठदुखी कशी आहे? उशी बदल.

माया आहेच, ती पत्रातून येत राहू दे.
तुझा,
बारक्या


ता. ५ मे

चि. बारक्या यास,
अनेक आशीर्वाद.

लाल शाईची दौत उघडली आणि तशीच मिटली. एखादा अनुस्वार तरी पकडायचा बेत होता, जमलं नाही. पाठ ठीक आहे. उशी बदलणार नाही.

तुझा प्रश्न मी आमच्या शिक्षकांच्या खोलीत टाकला आणि दोन तास कुणी वर्गाचं नाव काढलं नाही. आमच्यात एक सर आहेत, त्यांना आम्ही मागून बेरीजसर म्हणतो. त्यांचं म्हणणं, दुःख कुणाचंही असो, ते दुःखच. दोन्ही रीतींनी सगळ्यांना होणारा त्रास मांड, बेरीज कर, आणि कमी येईल ती रीत घे. तुझे अध्यक्ष त्यांना फार आवडले.

मी म्हटलं, पस्तीस घरांतले दुखरे गुडघे एकत्र केले म्हणून ते एका माणसाच्या अंगात दुखत नाहीत. ती बेरीज सोसणारा माणूस जगात कुणी नाही. सोसणारे वेगवेगळे, आणि त्यांतली सगळ्यांत जड तक्रार नवव्या मजल्याची. यावर सरांनी विचारलं की मग एकीकडे दोन जीव आणि दुसरीकडे एक असता तर मी काय नाणं उडवलं असतं? मी चहा प्यायला लागले. खरं सांगते, या प्रश्नावर आमच्या विषयातल्या भल्याभल्यांची अजून हमरीतुमरी चालू आहे, आणि ती मिटलेली नाही.

तिसरी एक तरुण बाई नवीन लागली आहे. ती म्हणाली, तुम्ही दोघे कामाचं माप काढता, माणसाचं काढतच नाही. चांगला माणूस इथे कसा वागेल, एवढंच विचारा. तुझ्याबद्दलही ती काही चांगलं बोलली. ते लिहीत नाही, डोक्यात हवा जाईल.

आता माझी कसोटी ऐक. तू जो निर्णय घेशील, तो एकेका माणसासमोर बसून सांगता आला पाहिजे. त्याला आवडलाच पाहिजे असं नाही, पण रास्त कारण देऊन त्याला तो नाकारता येता कामा नये. गर्दीला नव्हे, एकेकाला. ही चाळणी लाव, म्हणजे तुझं तुलाच कळेल.

जेवत जा. तुझी आई म्हणते हल्ली अर्धं ताट ठेवतोस.

जीव लावतोस तसा लावत राहा.
तुझी,
मावशी


ता. ११ मे

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझी चाळणी लावली. कामावरून सुटल्यावर रोज सात-आठ घरं घेतली आणि काल संपली.

पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले की ते लिफ्ट वापरतच नाहीत, त्यामुळे माझी वर्षभराचीही तयारी असेल तर त्यांची हरकत नाही. तिसऱ्या मजल्यावर नवरा हो म्हणाला म्हणून बायको नाही म्हणाली, मग तो नाही म्हणाला आणि ती हो. शेवटी ती दोघं मला विसरून गेल्या वर्षीच्या कुठल्यातरी भांडणावर गेली, तेव्हा मी हळूच दार ओढून घेतलं. चौथ्या मजल्यावर बेकरीवाले आहेत. त्यांचे गुडघे खरोखरच गेलेले आहेत, ते मला उघडून दाखवले. पण नवव्या मजल्याचं कारण कळल्यावर त्यांनी ते झाकले. म्हणाले की त्यांच्या दोन्ही मुली बाईंकडेच पोहायला शिकल्या. सात आठवडे तर सात आठवडे.

असंच बहुतेक ठिकाणी झालं. तू म्हणतेस ते बरोबर आहे. घोळक्यात जो माणूस पस्तीस घरांच्या वतीने बोलतो, तो आपल्या दारात फक्त स्वतःपुरतं बोलतो.

अडलं ते आठव्या मजल्यावर. तिथे एक जण आहे, तिला जुळं झालं आहे, अजून मान धरत नाहीत. नवरा फिरतीवर असतो. तिने मला आत बोलावलं, एक मूल माझ्या हातात दिलं आणि दुसऱ्याला पाजत बोलत राहिली. मी तुझं ते गुडघ्यांचं सांगितलं, की बेरीज सोसणारं कुणी नसतं. ती म्हणाली की वेगवेगळ्या माणसांची नसेल होत, पण तिच्या सात आठवड्यांची बेरीज तिच्या एकटीच्याच कमरेत होणार आहे. तीन आठवडे ती कसेबसे काढील, सात काढणार नाही. हे नाकारायला माझ्याकडे रास्त कारण नव्हतं. मूलही रडायला लागलं.

तरी मन हलकं आहे. आता जिन्यात सगळे थांबून माझ्याकडे बाईंची विचारपूस करतात. आठव्या मजल्याचं तेवढं काय करायचं, ते लवकर कळव.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझा,
बारक्या


ता. १३ मे

ती. ताईस,
नमस्कार.

तुझ्या त्या नीतिशास्त्राने माझ्या पोराचं अन्न तोडलं. आधी अर्धं ताट ठेवायचा, आता ताटावरच बसत नाही. तू पत्रात असं काय लिहिलंस, ते मला एकदा कळू दे.

त्याच्याकडून ओढून ओढून काढलं ते सांगते. त्या नवव्या मजल्यावरच्या बाईंनी आजाराची गोष्ट इमारतीत कुणालाच सांगितलेली नव्हती. आठवड्यातून तीनदा त्या पोहण्याची पिशवी खांद्याला लावून निघायच्या आणि लोक समजायचे की बाई अजून तलावावर शिकवायला जातात. काल दवाखान्यातून परतल्या तर एकाने पिशवी हातातून घेतली, एकीने फुलं दिली आणि बेकरीवाल्यांच्या मुलीने गळ्यात पडून रडून घेतलं. लिफ्टमध्ये शिरेपर्यंत त्यांना सगळा उलगडा झाला.

मग त्यांनी आपल्या शहाण्याला वर बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही म्हणे, तेच त्याला जास्त लागलंय. म्हणाल्या की आजार त्यांचा, तो पस्तीस दारांत वाटून यायला याला कुणी मुखत्यार नेमलं होतं? इमारतीतल्या प्रत्येक माणसाला विचारलंस आणि जिच्यासाठी विचारत फिरलास, तिचंच दार तेवढं वाजवायचं राहिलं. यापुढे त्यांच्यासाठी काहीही करायचं नाही. शब्द दिला होता ना, तो घे परत.

आता हा म्हणतो की काम उस्तादांना परत देतो. उस्ताद म्हणतात दे, मग मीही तुला परत देतो, आईकडे. ताई, पोरगं वाईट नाही गं. त्याला एखादी गोष्ट सांगितली की तो ती शेवटच्या खिळ्यापर्यंत करतो. तू आत घोळ घातलास तेव्हा तूच निस्तर.

तुझी पाठ कशी आहे? उशी बदलली नसशीलच.

राग आहे, पण प्रेमाखालचाच आहे.
तुझी,
धाकटी


ता. १४ मे

चि. बारक्या यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचं पत्र आलं. आधी मी कपाळावर हात मारला, मग हसले आणि मग मला हसल्याची लाज वाटली.

अरे राजा, ती चाळणी मनातल्या मनात लावायची असते. आम्ही खुर्चीत बसून प्रत्येकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहतो, कुणाची घंटा वाजवत नाही. हे मी लिहायला हवं होतं. मला सुचलंच नाही, कारण या विषयात इतकी वर्षं काढून एकही विद्यार्थी उठून खरोखर विचारायला गेलेला मी पाहिला नव्हता.

पण तुझी चूक दारं वाजवण्यात नव्हती. आठव्या मजल्यावरची आई मला खुर्चीत बसून सापडली नसती. तिने माझ्या मुद्द्यातली जी फट दाखवली ती बेरीजसरांना सांगायची माझी अजून हिंमत झालेली नाही. चूक अशी की बाईंना तू यादीतून वगळलंस, कारण त्यांना काय हवं ते आपल्याला ठाऊकच आहे, असं तुला वाटलं. मलाही वाटलं. माझं पत्र काढून बघ. त्यात त्या 'सगळ्यांत जड तक्रार' आहेत. माणूस म्हणून त्या कुठेच नाहीत.

काम परत देऊ नकोस. काम सोडलंस तर तुला हलकं वाटेल, त्यांची लिफ्ट त्याने चालणार नाही. वर जा. आपलं मन चांगलं होतं वगैरे सांगत बसू नकोस. चुकलं एवढं म्हण, आणि त्यांना काय हवं ते विचार. दार लावून घेतलं तर खाली ये आणि बैठकीत जेवढं तुझ्या हातात आहे तेवढं नीट मांड.

आणि जेव. उपाशी माणसाच्या पश्चात्तापात निम्मी भूकच असते.

मी तुझ्याच बाजूची, हे धरून चाल.
तुझी,
मावशी


ता. १८ मे

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

जेवलो. आता पुढचं.

पंधरा तारखेला वर गेलो. लिफ्टने जायचा धीर झाला नाही, नऊ जिने चढून गेलो. बाईंनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि आधी धाप कमी कर म्हणाल्या. मी चुकलं म्हणालो. पुढचं वाक्य मी पाठ करून गेलो होतो, ते गिळलं आणि तुम्हाला काय हवं आहे एवढं विचारलं.

त्यांनी तेच स्टूल पुढे सरकवलं. मग म्हणाल्या की त्यांना सात आठवडे मुळीच नकोत. एक दिवस चालू, एक दिवस बंद, उद्या चालू असेल का याची धाकधूक; त्यापेक्षा एकदा काय ते तीन आठवडे बंद झालेलं बरं. शिवाय पस्तीस घरांतले लोक प्रत्येक जिन्यावर त्यांची आठवण काढत चढणार, आणि शिव्या देत चढले असते तर चाललं असतं, पण ते दया करत चढणार. तेवढे दिवस खाली कुठेतरी राहायला मिळालं तर प्रश्नच मिटतो. मी एका दमात बेकरीवाल्यांचं नाव घेतलं, ते त्यांना आनंदाने ठेवून घेतील म्हणालो. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मग त्यांनीच सांगितलं. तळमजल्यावर इमारतीची एक खोली आहे. खिडकी आहे, नळ आहे. ती सगळ्यांची, म्हणजे त्यांचीही. गेली काही वर्षं अध्यक्षांनी तिथे टेबल टेनिसचं टेबल मांडलं आहे, एक बाजू उभी करून ते एकटेच खेळतात. त्यांना ती खोली हवी. मेहेरबानी म्हणून नको, हक्काने हवी, आणि ती त्या स्वतः मागतील. मी बैठकीत फक्त कामाचे दिवस सांगायचे आणि बसून राहायचं.

काल बैठक झाली. मी दिवस सांगितले आणि बसलो. मावशी, दहा दरवाजे बसवणं सोपं, तोंड मिटून बसणं फार जड.

बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या की होय, तलावाची थाप त्यांनीच मारली होती आणि ती मारायचा त्यांना अधिकार होता. आता सगळ्यांना कळलंच आहे, तर त्यांच्याशी बोलताना माना वाकड्या करणं तेवढं बंद करा. मग खोलीचं सांगितलं. ज्याला हरकत असेल त्याने ती आत्ता, त्यांच्याकडे बघून सांगावी. मला एकदम तुझी चाळणी दिसली, पण ती त्यांच्या हातात होती. इतक्या लोकांत कुणी हललं नाही.

शेवटी अध्यक्ष खाकरले. त्यांनी विचारलं की टेबलाचं काय? बाई म्हणाल्या की टेबल राहू दे, फक्त खाटेपुरती जागा करा, आणि आजवर समोर कुणी खेळायला मिळालं नसेल तर तेही बघता येईल. लोक इतके हसले की अध्यक्षांनाही हसावं लागलं. आठव्या मजल्यावरची आई म्हणाली की तीन आठवडे तिला चालतील, पण बाबागाडी वर न्यायची कशी? बाईंनी तिलाही खोलीत ठेवायला सांगितलं, गाडीला. मुलांना नको, ती रात्री रडतात.

मी खाटेचं माप घेऊन आलो आहे. बसते.

असाच जीव असू दे.
तुझा,
बारक्या


ता. २३ मे

चि. बारक्या यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आमच्या शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवलं. आता मजा ऐक. बेरीजसर म्हणतात, जिंकले तेच; सगळ्यांचा मिळून त्रास याहून कमी होऊच शकत नव्हता. मी म्हणते, एकालाही नाकारता येऊ नये असा निर्णय झाला, म्हणजे माझी कसोटी खरी. तरुण बाई म्हणते, आम्ही दोघेही उगाच भांडतो आहोत; एक बाई धीराने उभी राहिली आणि एक मुलगा गप्प बसला, यात सगळं आलं. तिघेही आपापल्या वाटेने एकाच ठिकाणी पोचलो आणि तरी वाट कोणाची खरी यावर चहा थंड झाला.

सरांचं ते दोन जीव आणि एक जीव, याचं उत्तर मला अजून येत नाही. प्रत्येक वेळी तळमजल्यावर एक खोली मोकळी सापडतेच असं नाही, हे लक्षात ठेव. पण ती शोधून न पाहताच आम्ही बेरजा मांडायला बसतो, हे मी यंदा वर्गात सांगणार आहे. तू शेवटच्या बाकावर येऊन बसलास तर आवडेल. संध्याकाळचा वर्ग आहे, दाखला कुणी विचारत नाही.

काम जपून कर. दोराखाली उभा राहू नकोस.

तुझ्या पत्राची वाट पाहणारी,
मावशी


ता. २० जून

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

काम झालं. तीन आठवड्यांवर दोन दिवस गेले, कारण तपासनीस आजारी पडले. ते दोन दिवस मी कुणाकडे वर मान करून पाहिलं नाही. बाईंचा एकही दिवस चुकला नाही. दर वेळी त्या खोलीतून निघायच्या, रस्ता ओलांडून गाडीत बसायच्या आणि परत आल्या की सरळ खाटेवर. दुसऱ्या दिवशी मात्र अध्यक्षांना टेबलावर हरवायच्या. आधी खुर्चीत बसून, मग उभ्याने. अध्यक्ष आता लिफ्टपेक्षा त्यांच्या बॅटवर जास्त बोलतात.

मला त्यांनी पूर्ण माफ केलेलं नाही, हे त्यांनीच सांगितलं. थोडं शिल्लक ठेवलं आहे म्हणाल्या, म्हणजे मी पुन्हा असं करणार नाही. ठीक आहे.

लिफ्ट काल सुरू झाली. समितीच्या मनात होतं की पहिल्यांदा बाईंना बसवावं, टाळ्या वगैरे वाजवाव्यात. मी या वेळी आधी त्यांना विचारलं. त्या नको म्हणाल्या, म्हणून नाही झालं. पहिल्या फेरीला उस्ताद आणि मी गेलो, मग आठव्या मजल्यावरची आई बाबागाडीसकट, मग ज्याला जायचं तो. बाई दवाखान्यातून आल्या तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि खाली मी एकटाच हत्यारं आवरत होतो. त्यांनी मला मान हलवून ओळख दिली, आत गेल्या, दरवाजा मिटला. मी आकडे बघत उभा राहिलो. पाच, सहा, सात. माझा सगळा जीव त्या दोरात होता. नऊवर लिफ्ट थांबली. दरवाजा उघडल्याचा आवाज इतक्या खाली येत नाही, तरी मला ऐकू आल्यासारखं वाटलं.

मी पिशवी उचलणार तेवढ्यात आकडे पुन्हा हलले. लिफ्ट खाली येत होती. मला वाटलं काही बिघडलं, बाई परत आल्या. दरवाजा उघडला तर आत कुणी नव्हतं. उतरताना त्यांनी तळमजल्याचं बटण दाबलं होतं, पुढे जो येईल त्याला थांबायला लागू नये म्हणून.

तेवढ्यात बेकरीवाले आले, लिफ्ट समोर उभी बघून खूश झाले आणि वर गेले. त्यांनी ती खाली पाठवली नाही, त्यांना ते सुचलं नसेल. पण आज सकाळी मी शेवटचं तेल द्यायला गेलो, तेव्हा आठव्या मजल्यावरून एकदा रिकामी आली.

वर्गाला येईन. शेवटच्या बाकावर नको, तिथून फळा दिसत नाही.

आशीर्वाद राहू दे, तुझ्या तिघांच्या भांडणासकट.
तुझा,
बारक्या